नफा काट्यावर मोजा, तोटा फडातच धरा



वार्षिक सर्वसाधारण सभेची नोटीस निघाली आणि अहवालाचं पुस्तक घरोघर पोचलं, की पारावर आणि चहाच्या टपरीवर एकच प्रश्न चालू होतो. "औंदा नफा किती दाखवलाय?" पहिल्या पानावरचे फोटो पाहून होतात, अध्यक्षांचं मनोगत चाळून होतं आणि बोट जातं ते थेट नफा-तोटा पत्रकाच्या शेवटच्या ओळीवर. तिथे नफा दिसला की कारभार चांगला, तोटा दिसला की कारभार बिघडला. मधल्या ओळी कोणी वाचत नाही.

मागे एका लग्नाच्या पंगतीत एका सभासद बांधवाने मला गाठलं. म्हणाला, "बप्पा, तुम्हाला हिशेबातलं कळतं म्हणून विचारतो. काही कारखाने भरघोस नफा दाखवतात, अन् काही ठिकाणी बघावं तर नुसती तरतूद, तरतूद अन् तरतूद. संशयित येण्याची तरतूद, साखरेच्या किमतीतली घट, घसारा. असं रडगाणं छापल्यावर बँक कर्ज कशाला देईल? झाकली मूठ सव्वा लाखाची, हेच आपलं बरं."

पंगतीत उत्तर देण्यासारखा हा सवाल नव्हता, म्हणून येथे लिहितो. माझं म्हणणं थोडक्यात असं आहे. बँकेच्या दारात झाकल्या मुठीचे सव्वा लाख होत नाहीत. उलट तिथे झाकल्या मुठीवर व्याज जास्त लागतं, आणि ते व्याज शेवटी तुमच्या-माझ्या उसाच्या बिलातूनच जातं.

फडातला हिशेब

हिशेबातली सावधगिरी ही शेतकऱ्याला कोणी नव्याने शिकवायला नको. पाहुणा बांधावर उभा राहून म्हणाला, "हा फड एकरी साठ टन जातो बघा," तर आपण हसून सोडून देतो. ऊस तुटला, गाडी काट्यावर चढली, वजनाची पावती हातात पडली, की तो टन खरा. त्याआधी त्या टनावर खर्च करणाऱ्याला आपण "बाजारात तुरी अन् भट भटणीला मारी" म्हणतो. पण त्याच फडाला तारेची ठिणगी पडून आग लागली, तर नुकसान धरायला काट्यापर्यंत थांबतो का आपण? त्याच संध्याकाळी धरतो. जळका ऊस, घटीचं वजन, कपात, सगळं रात्रीच डोक्यात मांडून होतं.

सावध हिशेबाचं सगळं शास्त्र एवढंच आहे. चांगली गोष्ट हातात आल्यावर धरायची, वाईट गोष्ट दिसल्याबरोबर धरायची. सुदिप्त बसू या अभ्यासकाने १९९७ साली अमेरिकेतल्या कंपन्यांचे आकडे तपासून हेच दाखवलं की सावध हिशेबात वाईट बातमी लवकर उमटते आणि चांगली बातमी उशिरा. आपल्याकडे सनदी लेखापालांच्या संस्थेने नोव्हेंबर १९७९ मध्ये पहिलं लेखा मानक काढलं, त्यातही सावधगिरीला स्थान दिलं.

आणि आपला सहकार कायदा काय सांगतो? महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम १९६० चं कलम ६५ वाचा. थकलेल्या रकमांवर नुसतं आकारलेलं व्याज, आस्थापना खर्च, द्यायचं व्याज, दुरुस्ती, घसारा हे सगळं ठोक नफ्यातून वजा करायचं, बुडीत येण्याची तरतूद करायची, आणि मग जे उरेल तोच निव्वळ नफा. त्या नफ्यातलाही किमान चौथा हिस्सा कलम ६६ प्रमाणे राखीव निधीला टाकायचा. सबब तरतूद ही हिशेबनिसाची लहर नव्हे. ती कायद्याची अट आहे.

गोदामातली साखर

आता आपल्या गोदामात चला. साखरेचं पोतं हेच कारखान्याचं सोनं. हंगाम चार-पाच महिन्यांचा, साखर विकायची वर्षभर, आणि उसाचं पेमेंट मात्र ऊस नियंत्रण आदेश १९६६ प्रमाणे चौदा दिवसांत. उशीर झाला तर पंधरा टक्के व्याज. मधला हा खड्डा भरतो कशाने? मालतारण कर्जाने. साखर बँकेकडे तारण, गोदामाला बँकेचं कुलूप, आणि पोत्यामागे उचल.

समजा, ३१ मार्चला गोदामात चार लाख क्विंटल साखर आहे. ती तयार करायला क्विंटलला ३,५०० रुपये खर्च आला. बाजारात त्या दिवशी भाव ३,३०० आहे. (हे आकडे फक्त समजुतीसाठी घेतले आहेत.) एखादा म्हणेल, "दिवाळीला भाव ३,७०० होणारच, त्या दराने धरा." जून १९८१ मध्ये निघालेलं दुसरं लेखा मानक म्हणतं, पडलेला खर्च किंवा विकून निव्वळ मिळणारी किंमत, यांत जे कमी असेल ते धरा. म्हणजे ३,३००. दोन्ही दरांत फरक क्विंटलला ४०० रुपये, चार लाख क्विंटलला सोळा कोटी. एका ओळीत सोळा कोटींचा नफा उभा करता येतो किंवा आडवा करता येतो. एक पोतं विकायला नको, एक रुपया यायला नको.

गंमत पुढेच आहे. पुस्तकात ३,७०० लिहिल्याने बँक जास्त उचल देते का? नाही. बँक आपलं मूल्यांकन स्वतः करते, मागच्या काही महिन्यांच्या बाजारभावाची सरासरी पाहून. आणि त्या मूल्यांकनाच्या साधारण ८५ ते ९० टक्केच देते. राहिलेला दुरावा कारखान्याने सोसायचा. म्हणजे फुगवलेल्या सोळा कोटींवर कर्ज एक पैसा मिळत नाही. मिळतं काय, तर वाटपाची घाई. नफा दिसला की लाभांश मागितला जातो, जास्तीचा हप्ता मागितला जातो, बोनस मागितला जातो. पैसा तर आलेलाच नसतो. मग तो वाटायला पुन्हा अल्पमुदत कर्ज. आडात नाही ते पोहऱ्यात आणायचं, आणि तेही व्याजाने!

भाव पडला म्हणजे काय होतं ते आपण पाहिलं आहे. २०१७-१८ च्या हंगामात देशात ३२० लाख टनांच्या वर साखर झाली आणि बाजार कोसळला. जून २०१८ मध्ये केंद्र सरकारला किलोला २९ रुपये किमान विक्री दर बांधून द्यावा लागला, फेब्रुवारी २०१९ मध्ये तो ३१ केला. त्याच सुमारास निर्यातीचा भाव देशातल्या भावापेक्षा इतका खाली होता की तारण साखर निर्यातीला सोडायला बँका तयार होईनात. पोत्यावर दिलेली उचल जास्त आणि विकून येणारा पैसा कमी. याला बँकेच्या भाषेत अपुरा दुरावा म्हणतात. ज्याने आधीच किंमत सावधपणे धरून घट सोसली होती, त्याला हा धक्का पुस्तकात तरी नवा नव्हता.

उचलीचं येणं

आपला बीड जिल्हा म्हणजे ऊसतोडीचा जिल्हा. उचल हा शब्द आपल्याला सांगायला नको. हंगामाच्या आधी कारखाना तोडणी-वाहतूक ठेकेदाराला आगाऊ रक्कम देतो, ठेकेदार मुकादमाला, मुकादम टोळीला. बहुतेक टोळ्या वेळेवर येतात, घाम गाळून रक्कम फेडतात. पण दर हंगामात काही टोळ्या येत नाहीत, काही अर्ध्यातून जातात. कोणाच्या घरात आजारपण, कोणी दोन ठिकाणी उचल घेतलेली, कोणाचा ट्रॅक्टर फायनान्सवाल्याने ओढून नेलेला. रक्कम राहते ती राहतेच.

ताळेबंदात मात्र ती 'येणे' म्हणून उभी असते. एक वर्ष, तीन वर्षं, दहा वर्षं. त्यावर कागदोपत्री व्याजही चढतं, आणि ते व्याज उत्पन्नात धरलं की नफाही दिसतो. अहो, दहा वर्षांपूर्वीची उचल, माणूस कुठे आहे त्याचा पत्ता नाही, आणि आपण त्याच्याकडून येणाऱ्या व्याजावर नफा मोजतो! गेल्या साली जळालेल्या फडाचा ऊस यंदाच्या टनात धरण्यासारखं झालं हे.

येथे एक गैरसमज दूर करतो. तरतूद केली म्हणजे वसुली सोडली असं नाही. दावा चालू ठेवा, तडजोड करा, जमेल तसं वसूल करा. उद्या पैसा आला तर त्या वर्षी तो उत्पन्नात येईलच. तरतूद म्हणजे एवढंच की "हा पैसा येईलच असं धरून आम्ही खर्च करणार नाही." कणगीतलं बियाणं आपण जेवणाच्या हिशेबात धरतो का? तसंच हे.

मी काही वर्षं आमच्या गावच्या सोसायटीत पंच होतो. नवे-जुने हा प्रकार त्या काळी मी डोळ्यांनी पाहिला, आणि त्या ठरावांवर माझीही सही आहे. जूनअखेर जवळ आली की जुनं कर्ज कागदावर भरलं जायचं आणि त्याच दिवशी नवं कर्ज कागदावर उचललं जायचं. रोकड कुठेच हलत नव्हती. वसुली नव्वद टक्क्यांच्या वर, सोसायटीचं कौतुक, सचिवाला नारळ-टोपी. आम्हा पंचांना वाटायचं, गावाचं भलं करतो आहोत. एका साली वरून नवं कर्ज आलं नाही आणि सगळं नवे-जुने एका दिवसात जुनं झालं. त्या साली ज्यांनी खरंच पैसे भरले होते त्यांनाही पेरणीला कर्ज मिळालं नाही. खोटी वसुली दाखवणाऱ्याचं पाप खरी वसुली देणाऱ्याच्या माथी आलं, ही गोष्ट मला आजही टोचते.

एक टक्का म्हणजे किती?

आता बँकेच्या खुर्चीत बसून पाहू. रिझर्व्ह बँकेने १९९२-९३ पासून व्यापारी बँकांना, आणि १९९६-९७ पासून राज्य व जिल्हा सहकारी बँकांना नियम लावले की थकलेल्या कर्जावरचं न आलेलं व्याज उत्पन्नात धरायचं नाही आणि बुडीताची तरतूद करायची. म्हणजे बँकेला स्वतःलाच सावध हिशेब ठेवावा लागतो. अशा बँकेच्या अधिकाऱ्यासमोर आपला ताळेबंद गेला की तो नफ्याची ओळ शेवटी वाचतो. आधी पाहतो साखर कोणत्या दराने धरली, येणं किती वर्षांचं, घसारा पूर्ण घेतला का, लेखापरीक्षकाने काय शेरे मारले. तिथे खोट दिसली की तो मनात म्हणतो, "दिसलं ते एवढं, तर न दिसलेलं किती?"

या शंकेची किंमत तीन रीतीने वसूल होते. व्याजाचा दर चढतो. दुरावा वाढतो, म्हणजे त्याच पोत्यावर उचल कमी मिळते. आणि अटी कडक होतात. विकलेल्या प्रत्येक पोत्यामागे जास्त टॅगिंग, संचालकांची वैयक्तिक हमी, दर महिन्याला तपासणी. कर्जाचा दर फक्त हिशेबावर ठरतो असं मी म्हणत नाही. रिझर्व्ह बँकेचे दर, बँकेच्या ठेवींचा खर्च, साखरधंद्याचा काळ, हे सगळं त्यात येतं आणि ते आपल्या हातात नाही. पण शंकेपोटी चढणारा भाग आपल्या हातात आहे. जियिंग झांग या अभ्यासिकेने २००८ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात कंपन्यांची कर्जं तपासली. ज्यांचे हिशेब सावध, त्यांना सावकारांनी कमी व्याज लावल्याचं त्यात दिसलं. कारण साधं आहे. अशा कर्जदाराची अडचण सावकाराला लवकर कळते आणि वेळीच काही करता येतं.

हिशेब करून पाहा. समजा कारखान्याचं वर्षभराचं सरासरी कर्ज शंभर कोटी आणि गाळप पाच लाख टन. व्याजाचा एक टक्का म्हणजे एक कोटी. पाच लाख टनांवर वाटला तर टनामागे २० रुपये. शंकेपोटी तीन टक्के जास्त लागले तर टनामागे ६० रुपये. एकरी पस्तीस टन धरले तर एकरामागे २,१०० रुपये. डीएपीचं एक पोतं येऊन वर पैसे उरतील एवढी ही रक्कम. ती कोणी चोरली नाही, कोणत्या बिलात तिची कपात दिसत नाही. पण दर हंगामात जाते.

झाकलेलं उघडं पडतंच

बाहेरची दोन उदाहरणं सांगतो. एन्रॉन ही अमेरिकेतली कंपनी आपल्या दाभोळ प्रकल्पामुळे महाराष्ट्राला चांगली माहीत. पुढच्या अनेक वर्षांत मिळेल अशी आशा असलेला नफा ती आजच पुस्तकात धरत होती आणि कर्ज आडोशाला ठेवत होती. डिसेंबर २००१ मध्ये दिवाळं निघालं. दुसरी हैदराबादची सत्यम. जानेवारी २००९ मध्ये तिच्या अध्यक्षानेच कबुली दिली की पुस्तकातली सुमारे ५,००० कोटींची रोकड आणि बँक शिल्लक मुळात नव्हतीच. दोन्ही कंपन्यांचे अहवाल गुळगुळीत कागदावर छापलेले होते.

घराजवळचं सांगायचं तर मे २०११ मध्ये रिझर्व्ह बँकेच्या कारवाईने महाराष्ट्र राज्य सहकारी बँकेचं संचालक मंडळ गेलं आणि प्रशासक आले. नाबार्डच्या तपासणीत बँकेचं नक्त मूल्य उणे निघालं होतं. त्याच साली आपल्या बीड जिल्हा मध्यवर्ती बँकेवरही प्रशासक आला, आणि स्वतःच्याच ठेवीसाठी लोक रांगेत उभे राहिलेले आपण पाहिले. जानेवारी २०२४ मध्ये परळीच्या वैद्यनाथ कारखान्याच्या दोनशे कोटींहून जास्त थकबाकीपोटी युनियन बँकेची ई-लिलावाची नोटीस निघाली. या घटनांमागची कारणं वेगवेगळी आहेत. दुष्काळ आहे, बाजार आहे, कारभार आहे, आणि त्यांचा न्यायनिवाडा करण्याची ही जागा नव्हे. पण एक धडा सगळ्यांत सारखा आहे. दुखणं पुस्तकात उशिरा उमटलं की औषधाची वेळ निघून जाते. २०१२-१३, २०१५-१६, २०१८-१९ असे लागोपाठ दुष्काळ आपण सोसले. गाळप अर्ध्यावर आलं तरी यंत्रं झिजायची थांबत नाहीत आणि व्याज झोपत नाही. अशा साली "गाळप कमी, म्हणून घसारा कमी धरा" म्हणणं म्हणजे ताप आला म्हणून थर्मामीटर फोडणं आहे.

न दिसणाऱ्या देण्याचंही तसंच. जुन्या किमान भावापेक्षा कारखान्यांनी सभासदांना जास्त दर दिला, तेव्हा आयकर खात्याने तो खर्च मानला नाही, नफ्याचं वाटप म्हटलं आणि कर लावला. ती भांडणं कित्येक वर्षं चालली. शेवटी फेब्रुवारी २०२३ च्या अर्थसंकल्पात २०१६-१७ या आकारणी वर्षाच्या आधीच्या अशा रकमांना खर्च म्हणून मान्यता मिळण्याची वाट मोकळी झाली, आणि सहकारी कारखान्यांना सुमारे दहा हजार कोटींचा दिलासा मिळेल असं अर्थमंत्र्यांनी सांगितलं. दिलासा मिळाला हे चांगलं झालं. पण तोपर्यंत ते संभाव्य देणं ताळेबंदाच्या टिपेत स्पष्ट लिहून ठेवणं हेच शहाणपण होतं. दावा आपण जिंकूच असं वाटत असलं तरी बँकेला तो आपल्या तोंडून कळावा. तिसऱ्याच्या तोंडून कळला तर विश्वास उडतो.

दुसरी बाजू

आता माझ्या म्हणण्याला तीन खरे आक्षेप आहेत. ते टाळून चालणार नाही.

पहिला आक्षेप सभासदाच्या खिशाचा. "सावधगिरीच्या नावाखाली नफा कमी दाखवाल आणि आम्हाला दर कमी द्याल." ही भीती फुकाची नाही. रंगराजन समितीने २०१२ साली सुचवलेलं आणि महाराष्ट्राने २०१३ च्या ऊस दर विनियमन कायद्याने स्वीकारलेलं सूत्र असं की साखर व उपपदार्थांच्या उत्पन्नातला ७० टक्के वाटा उसाला. एफआरपीच्या वर मिळणारा पैसा हिशेबाच्या आकड्यावर ठरतो. म्हणून साखर मुद्दाम पाडून धरणं, गरजेपेक्षा जास्त तरतूद करून पैसा गुपचूप दडवणं, ही सावधगिरी नव्हे. तीही झाकली मूठच, फक्त उलट्या हाताची. आंतरराष्ट्रीय लेखा मंडळाने याच कारणाने २०१० मध्ये आपल्या मूळ चौकटीतून सावधगिरी हा शब्द काढला होता. २०१८ मध्ये तो परत घेतला, पण बजावून की सावधगिरी म्हणजे मालमत्ता मुद्दाम कमी किंवा देणी मुद्दाम जास्त दाखवणं नव्हे. खूण सोपी आहे. पद्धत दरवर्षी एकच असावी, आणि बदलली तर का बदलली व त्याने आकडा किती हलला, हे अहवालात छापावं. सावधपणे धरलेल्या साखरेला पुढे भाव मिळाला तर तो पैसा पुढच्या साली येतो. तो त्या साली उसाच्या दरात आला का, हे विचारण्याचा हक्क आपला आहे.

दुसरा आक्षेप असा की सरकारची थकहमी आहे तर बँक पुस्तकं कशाला पाहील? थकहमी म्हणजे जामीन. जामीन आहे म्हणून कर्ज फिटत नाही. आणि जामीनदार वारंवार उभा राहत नाही, हे गावात कोणालाही विचारा.

तिसरा आक्षेप सगळ्यांत अवघड. जो कारखाना आधीच खोलात आहे, संचित तोटा भागभांडवल खाऊन बसला आहे, त्याने खरं लिहिलं तर बँक दार लावील, बॉयलर पेटणार नाही आणि आमचा ऊस फडात वाळेल. याला माझ्याकडे गोड उत्तर नाही. पहिलं वर्ष कठीण जाईल हे खरं आहे. पण खोटं लिहून मिळालेलं कर्ज जुन्या कर्जाचं व्याज भरण्यातच जातं आणि खड्डा दरसाल खोल होतो. खरा आकडा मांडला तर निदान पुनर्बांधणीची, हप्ते पाडून घेण्याची, खर्च कापण्याची बोलणी खऱ्या आकड्यावर होतात. वैद्याला दुखणं अर्धं सांगून औषध पूर्ण लागू पडत नाही. आणि ही गोष्ट उणे नक्त मूल्य होण्याआधी करावी. तेव्हा ती स्वस्तात होते.

सभेत काय विचारावं?

कायद्याने सर्वसाधारण सभा ३० सप्टेंबरच्या आत घ्यायची असते. कलम ३२ प्रमाणे लेखापरीक्षण झालेला ताळेबंद आणि नफा-तोटा पत्रक कार्यालयात फुकट पाहण्याचा हक्क प्रत्येक सभासदाला आहे. मी तर म्हणतो, सभेच्या आठ दिवस आधी दोघा-तिघांनी मिळून जा. घरात कॉमर्स शिकलेली मुलगी-सून असेल तर तिला सोबत न्या. आणि सभेत हे पाच प्रश्न विचारा.

एक, शिल्लक साखर कोणत्या दराने धरली, खर्च किती होता आणि ३१ मार्चचा बाजारभाव किती होता?

दोन, तोडणी-वाहतुकीच्या येण्याची वर्षवार यादी कुठे आहे? तीन वर्षांहून जुनं किती, आणि त्यावर तरतूद किती?

तीन, घसारा पूर्ण घेतला का? गेल्या सालाच्या पद्धतीनेच घेतला का?

चार, कोर्टातले दावे, कराच्या मागण्या, दिलेल्या हमी यांची एकूण रक्कम किती?

पाच, गेल्या तीन वर्षांत प्रत्येक कर्जाचा व्याजदर आणि दुरावा किती होता? वाढला असेल तर बँकेने कारण काय सांगितलं? आणि लेखापरीक्षकाच्या शेऱ्यांचा दोषदुरुस्ती अहवाल गेला का?

पाचव्या प्रश्नाचं उत्तर पहिल्या चार प्रश्नांत दडलेलं असतं, हे तुमच्या ध्यानात येईल.

आणि एक विनंती संचालक मंडळींपेक्षा आपल्याच सभासद बांधवांना. आपण नफ्याच्या आकड्याला टाळ्या वाजवतो आणि तरतुदीच्या आकड्याला आरडाओरडा करतो. मग खरं लिहिण्याचा धीर कोणाला होईल? ज्या साली अध्यक्ष उभे राहून सांगतील, "उचलीतले इतके लाख येण्याची आशा कमी आहे, म्हणून ते आम्ही नफ्यातून वजा केले," त्या साली कारण विचारा, कोणाकडे राहिले ते विचारा, कसे वसूल करणार ते विचारा. पण लिहिलं म्हणून त्यांना खाली बसवू नका. आपण खाली बसवलं, तर पुढच्या साली ते लिहिणार नाहीत, आणि आपल्या एकरामागचं ते खताचं पोतं पुन्हा बँकेच्या घरी जाईल.

काट्यावर वजन नीट होतं की नाही, हे आपण गाडीजवळ उभं राहून डोळ्यांत तेल घालून बघतो. वर्षातून एक दिवस तसंच ताळेबंदाजवळ उभं राहा. तोही काटाच आहे.

— एक ऊस उत्पादक सभासद